नॅश मोठा की जॉर्डन? टीमच्या ऑफेन्सवरून स्टार मोजायचा का?

फोंडेकर_पॉइंटगार्ड

मंडळी नमस्कार. चवथीपासून डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. चवथीला आम्ही सगळे भाऊ गावच्या घरी जमलो होतो, गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधायचं चाललं होतं, दादा शिडीवर आणि मी खालून नारळाचा घोस, सुपारीचा घड, आंबाडे असं एकेक वर देतोय, आणि दरवर्षीसारखा विषय बास्केटबॉलवर गेला. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, कॉलेजात असताना चांगला खेळायचा, त्याच्यासाठी जॉर्डनच्या पुढे जगात कोणी नाही. मी म्हटलं, दादा, नुसतं ऑफेन्सपुरतं, म्हणजे बास्केट करायच्या बाजूपुरतं, बोलायचं तर मला स्टीव्ह नॅश जॉर्डनच्याही वर वाटतो. दादाने गाठ मारायची थांबवली, घड तसाच हातात धरून खाली माझ्याकडे बघत राहिला.

माझं म्हणणं असं की 2001-02 पासून 2009-10 पर्यंत, आधी तीन सीझन डॅलसला आणि मग सहा फिनिक्सला, नॅश ज्या टीममध्ये होता त्या टीमचा ऑफेन्स अख्ख्या एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोठ्या लीगमध्ये, दर वर्षी पहिला नाहीतर दुसरा. नऊ वर्षं सलग, टीम बदलली, कोच बदलला, बाजूचे प्लेयर बदलले तरी. फिनिक्सने 2003-04 ला 29 मॅच जिंकल्या होत्या, नॅश आला आणि पुढच्याच वर्षी 62. आणि त्या वर्षी हा माणूस स्वतः मॅचला साडेपंधरा पॉइंट आणि साडेअकरा असिस्ट (ज्या पासवर दुसऱ्याचा बास्केट होतो ते) करत होता, म्हणजे पॉइंटच्या यादीत तर तो कुठेच नाही, पण तरी एमव्हीपी, म्हणजे त्या सीझनचा सगळ्यात मोलाचा प्लेयर, झाला, आणि पुढच्या वर्षी परत झाला. ऑफेन्सचं काम काय तर टीमचे बास्केट पडायला हवेत, कोणाच्या हातून पडले याला काय महत्त्व?

दादा म्हणतो हा आकडा टीमचा आहे, नॅशचा नाही. बाजूला अमारे स्टॉडमायर, शॉन मॅरियन, जो जॉन्सन असतील तर कोणाचाही ऑफेन्स चालेल, आणि जो एकदाही फायनल खेळला नाही त्याला तू सहा चॅम्पियनशिपच्या रिंगवाल्याच्या शेजारी कसा बसवतोस. यावर मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि आरतीची वेळ झाली म्हणून विषय तिथेच राहिला.

मी स्वतः पॉइंट गार्ड खेळतो त्यामुळे माझा कल नॅशकडे असणार हे मान्य आहे. पण मला खरंच समजून घ्यायचंय. टीमच्या ऑफेन्सवरून स्टार किती मोठा हे ठरवता येतं का? येत असेल तर नेमकं काय बघायचं?


म्हापसेकर_आकडे

चांगला प्रश्न विचारलास, मी वर्षानुवर्षं यातच बुडालेला आहे त्यामुळे जरा मोठं लिहितो.

पहिली गोष्ट, मॅचला किती पॉइंट झाले यावरून ऑफेन्स ठरवायचा नाही. फिनिक्सची ती टीम पळायची, बॉल हातात आला की सात-आठ सेकंदांत शॉट, त्यामुळे मॅचमध्ये त्यांच्या वाट्याला पझेशनच, म्हणजे बॉल घेऊन बास्केट करायला जायच्या पाळ्याच, जास्त यायची आणि समोरच्या टीमच्याही. म्हणून बघायचं ते 100 पझेशनमागे किती पॉइंट. पझेशन मोजायचा सरळ हिशोब असा की मारलेले सगळे शॉट (पडलेले आणि चुकलेले), त्यात फाऊलवर मिळालेले फ्री थ्रो गुणिले 0.44, त्यातून स्वतःचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) वजा आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला बॉल) अधिक. ते 0.44 कुठून आलं असं सगळे विचारतात, तर दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक पझेशन संपतं, पण बास्केट अधिक फाऊल असला की एकच फ्री थ्रो असतो आणि पझेशन शॉटमध्ये आधीच मोजलेलं असतं, टेक्निकल फाऊलचा फ्री थ्रो पझेशन संपवतच नाही, म्हणून अर्ध्याच्या थोडं खाली.

दुसरी गोष्ट, वेगवेगळ्या वर्षांचे आकडे तसेच शेजारी ठेवायचे नाहीत, त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीच्या किती वर ते बघायचं. हे तुझ्या नॅशवरूनच दाखवतो. 2004-05 ला फिनिक्स 114.5, आणि त्याच्या आदल्या वर्षी नॅश असलेली डॅलस 112.1. बघताना वाटतं फिनिक्स भारी. पण 2003-04 ला लीगची सरासरी 102.9 होती, ते बास्केट पडायचे वांधे असलेले दिवस, आणि 2004-05 पासून हाताने डिफेंड करण्याचा नियम कडक केला, गार्डला मोकळीक मिळाली आणि सरासरी 106.1 वर गेली. म्हणजे फिनिक्स सरासरीच्या 8.4 वर आणि डॅलस 9.2 वर. सगळे फिनिक्सचं नाव घेतात पण हिशोबाने ती डॅलस अजून भारी होती. आजकालच्या टीमा 115 च्या पुढे सर्रास जातात, त्यावरून आजचा प्रत्येक गार्ड नॅशपेक्षा मोठा असं कोणी म्हणणार नाही ना.

आता तुझ्या दादाच्या मुद्द्यावर येतो, बाजूला कोण होतं. 2005-06 बघ. जो जॉन्सन अटलांटाला गेला. स्टॉडमायरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अख्ख्या सीझनमध्ये तीन मॅच खेळला. म्हणजे आदल्या वर्षी मॅचला 26 पॉइंट करणारा माणूसच नाही. तरी फिनिक्सने 54 मॅच जिंकल्या आणि ऑफेन्समध्ये दुसरी आली. बोरिस डियॉ, ज्याला अटलांटात कोणी विचारत नव्हतं, तो इथे येऊन त्या वर्षीचा सगळ्यात सुधारलेला प्लेयर ठरला. कोणी म्हणेल ही कोच डॅन्टोनीची कमाल, तर तोच कोच 2008 ला न्यू यॉर्कला गेला, तशीच पळापळी केली, पण तसला ऑफेन्स तिथे उभा राहिला नाही. इथपर्यंत मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्या 2005-06 ला नॅशची टीम दुसरी आली तर पहिली कोण होती माहितीये? डॅलस. नॅशला जाऊ दिलेली डॅलस. 111.8 आणि फिनिक्स 111.5. वर त्याच वर्षी वेस्टच्या (लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या टीमांच्या) फायनलला डॅलसनेच फिनिक्सला 4-2 ने घरी पाठवलं. मग त्याच्या आधी तीन वर्षं डॅलस पहिली यायची त्यातला नॅशचा वाटा किती आणि डॅलसचा दुसरा स्टार डर्क नोविट्स्की याचा किती? दादाने हे विचारलं तर तयारी ठेव.


डिचोलीकर_सेंटर

आकडे चांगले मांडलेत पण मला मूळ प्रश्नच अर्धा वाटतो. बास्केटबॉल दोन बाजूंनी खेळतात. बोस्टनचा सेंटर बिल रसेल 13 सीझन खेळला, 11 वेळा चॅम्पियन. त्याची सरासरी 15 पॉइंट, आणि त्या काळातल्या बोस्टनचा ऑफेन्स आज हिशोब करणारे लोक बऱ्याच वर्षी सरासरीच्याही खाली दाखवतात. (तेव्हा टर्नओव्हर आणि ऑफेन्सिव्ह रिबाउंड लिहूनच ठेवायचे नाहीत, त्यामुळे पझेशनचा अंदाजच, पण अंदाज एवढाही चुकत नाही.) बोस्टन जिंकायची कारण समोरच्याला बास्केटच्या जवळ येऊ देत नव्हती. मग तुमच्या मापाने रसेल कोण? कोणीच नाही?

आम्ही सेंटर लोक, बास्केटखाली उभे राहणारे, आयुष्यभर हे बघत आलोय. मी समोरच्याचा शॉट बदलायला लावला, बॉल रिंगला लागून बाहेर आला, मी रिबाउंड घेऊन पुढे फेकला, गार्डने एकटा जाऊन लेअप केला. कागदावर गार्डचे दोन पॉइंट, माझा एक रिबाउंड. तो सोपा लेअप ऑफेन्समध्ये धरला जातो पण तो आला डिफेन्समधून.

आणि नॅशचा डिफेन्स कसा होता हे नॅशचे चाहतेसुद्धा नाकारत नाहीत.


वाळपईचो_मास्तर

नमस्कार. मी शाळेत पीईटी, म्हणजे खेळाचा मास्तर, म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे, पोरांना अजूनही संध्याकाळी खेळवतो. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

फोंडेकर बाब, तुम्ही नॅश आणि जॉर्डन घेतलात, मी तुम्हाला एकाच माणसाची दोन वर्षं सांगतो, मग दुसऱ्या माणसाची गरजच पडणार नाही. विल्ट चेंबरलेन. 1961-62 ला त्याने मॅचला सरासरी 50.4 पॉइंट केले. सरासरी! त्याच वर्षी 2 मार्चला हर्शी गावात एका मॅचमध्ये 100. टीमने 80 पैकी 49 जिंकल्या. पुढच्या वर्षी सरासरी 44.8, आणि टीमने जिंकल्या फक्त 31, हरली 49. चव्वेचाळीस पॉइंट करणारा माणूस टीममध्ये असून.

मग 1966-67. तो फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सला, कोच अॅलेक्स हॅनम. हॅनमने त्याला शॉट कमी कर, पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, बॉल घे आणि आत पळत कट मारणाऱ्यांना, बाहेर उभ्या असलेल्यांना दे असं पटवलं. त्याची सरासरी 24.1 वर आली, म्हणजे अर्ध्याहून कमी, असिस्ट 7.8 झाले, सेंटरचे एवढे असिस्ट तेव्हा कोणी ऐकले नव्हते, आणि जे शॉट तो मारायचा त्यातले शंभरातले 68 पडायला लागले. टीम 68 जिंकली 13 हरली. बोस्टनची सलग आठ वर्षांची मक्तेदारी मोडली आणि चॅम्पियन झाली.

आता गंमत बघा. 1962 ला टीमचे मॅचला 125 च्या वर पॉइंट होते आणि 1967 लाही 125 च्या वरच. दोन्ही वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण 1962 ला सगळीच लीग जास्त पळायची, शॉटच कितीतरी जास्त मारायचे, म्हणून म्हापसेकर म्हणतात ते पझेशनचं बरोबर आहे. मला स्वतःला हे गणित येत नव्हतं तेव्हाही डोळ्याला दिसायचं की जो जास्त पॉइंट करतो त्याच्यामुळे टीमचे पॉइंट वाढतातच असं नाही. हो, 1967 ला बाजूला हॅल ग्रीअर, चेट वॉकर, बिली कनिंगहॅम होते, माणसं चांगली होती, ते मी लपवत नाही. पण चांगली माणसं असून त्यांना बॉल न देणारेही मी भरपूर पाहिले.

हे मला एवढं लागतं त्याला कारण आहे. एकदा आमच्या शाळेतला एक पोर, गार्ड, मी त्याला निवड चाचणीला घेऊन गेलो. दोन मॅच खेळवल्या. तो मैदानात असताना त्याची टीम दोन्ही वेळा पुढे, तो बाहेर बसला की मागे, मी बाजूला उभा राहून बघतोय. त्याचे स्वतःचे पॉइंट दोन्ही मॅच मिळून सात. निवडणाऱ्यांनी स्कोअरशीट उचलली, पॉइंटच्या रकान्यावरून बोट खाली फिरवलं आणि वरच्या बारा जणांची नावं वाचून दाखवली. पोराने परत येताना बसमध्ये एक शब्द काढला नाही. होंड्यापर्यंत आम्ही दोघं तसेच. पुढच्या वर्षी त्याने खेळणं सोडलं. म्हणून कोणी टीमच्या ऑफेन्सवरून प्लेयर बघायला लागलंय म्हटल्यावर मला बरं वाटतं, त्यात चुका असल्या तरी. निदान पॉइंटच्या रकान्यापेक्षा ते पुढचं आहे.


फातोर्डा_ईस्ट_स्टँड

मी फुटबॉलवाला, चुकून इथे आलो आणि पूर्ण वाचलं. आमच्याकडे हाच वाद कोरोवरून होतो. फेरान कोरोमिनास, 2017-18 ला 18 गोल, 2018-19 ला 16, दोन्ही वर्षी गोल्डन बूट, एफसी गोवाचा अटॅक बघायला फातोर्ड्याला माणूस माणसाला चिकटून उभा असायचा. आयएसएलची फायनल 2019 ला बंगळुरूकडून एक्स्ट्रा टाइममध्ये 1-0 ने गेली. त्यानंतर सुपर कप मिळाला, पुढच्या वर्षी लीगमध्ये पहिलं आल्याची शील्ड मिळाली, पण तो एक कप राहिला तो राहिलाच. म्हणून कोरो छोटा? जो म्हणेल त्याने मला येऊन भेटावं.

पण दुसरी बाजूही सांगतो. कोच लोबेरा इथून गेला, मुंबई सिटीला जाऊन 2020-21 ला शील्ड आणि कप दोन्ही घेऊन गेला, कोरोशिवाय. पण जाताना आपल्याच टीमचे बूमूस, जाहू, फॉल, आपला मंदार सगळे तिकडेच दिसले. मग सिस्टीम कोचची की प्लेयरची? मला आजपर्यंत सुटलेलं नाही, तुमचं सुटलं तर कळवा.


टेबलावरची

मी मडगावची. खेळायचे, गुडघा गेल्यापासून मॅचला टेबलवर बसते, स्कोअरशीट आणि कधी 24 सेकंदाचं घड्याळ. मास्तर सरांचं वाचून मला माझी वही काढावीशी वाटली.

गेल्या मे महिन्यात एका टूर्नामेंटला मी स्कोअर लिहिता लिहिता बाजूला दुसऱ्या वहीत पझेशन मोजत होते. कसं तर बॉल एका टीमकडून दुसरीकडे गेला की एक रेघ. शॉट चुकला आणि त्याच टीमने रिबाउंड घेतला तर रेघ नाही, तेच पझेशन चालू. चार रेघा झाल्या की आडवी पाचवी. आणि एका टीमचा 7 नंबरचा मुलगा, सगळे ज्याला बघायला आलेले, तो आत असताना निळी पेन, बाहेर असताना लाल. एवढंच.

त्या मॅचमध्ये तो आत असताना 41 पझेशनमध्ये 33 पॉइंट, त्यातले 26 त्याचे एकट्याचे. त्याला लवकर तीन फाऊल झाले म्हणून कोचने बराच वेळ बसवलं, तो बाहेर असताना 22 पझेशनमध्ये 21 पॉइंट. टीम चार पॉइंटने हरली आणि बाहेर पडताना सगळे म्हणत होते बिचारा एकटा काय करणार, एकट्याने 26 मारले. माझ्या वहीत उलटंच दिसत होतं. आणि वहीशिवायही दिसत होतं. तो आत असताना बाकीचे चौघे आपापल्या जागी उभे, दोघांचे तर हात कमरेवर, बॉल आपल्याकडे येणारच नाही हे त्यांना ठाऊक. कॉर्नरला उभ्या असलेल्या एका मुलाकडे अख्ख्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल एकदा आला, तोही त्याला अपेक्षित नव्हता, हातातून निसटून सरळ माझ्या टेबलावर. तो बाहेर बसला की तेच चौघे कट मारायला लागले.

तर मी मनात ठरवून टाकलं, हा मुलगा टीमला खाली खेचतो. दुसऱ्या दिवशी सेमीफायनलसाठी मी तीच वही घेऊन बसले, जरा जास्तच उत्साहात. समोरच्या टीमने पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन डिफेन्स. 7 नंबर आत असेपर्यंत तो दोघांमधून बॉल काढून पुढे आणायचा, थकून जायचा पण आणायचा. तो चार मिनिटं बाहेर गेला तर या टीमचा बॉल अर्ध्या कोर्टाच्या पुढे येईना, 9 पझेशन, 4 पॉइंट, आणि मॅच तिथेच गेली. आदल्या दिवशीची माझी लाल पेन समोरच्यांचे बदली खेळाडू असताना चाललेली होती, हे मी ध्यानातच घेतलं नव्हतं.

म्हणून फोंडेकर, मला असं वाटतं की हा आकडा खरा असतो पण तो कोणाबद्दल बोलतोय हे एका मॅचवरून काय एका सीझनवरूनही लगेच कळत नाही. तो आत कोणाबरोबर होता, समोर कोण होतं, बाकीचे बदलले तेव्हा काय झालं, हे लिहून ठेवलं असेल तरच. म्हापसेकरांनी 2005-06 चं सांगितलं ते मला म्हणूनच सगळ्यात पटलं, कारण तिथे नॅश तोच आणि आजूबाजूची माणसं निघून गेली.


म्हापसेकर_आकडे

ताई, ती वही जपून ठेवा, इथे लोक लॅपटॉप घेऊन बसतात त्यांनाही हे सुचत नाही.

तुमच्यावरूनच जॉर्डनचं सांगतो कारण दादाचीही बाजू कोणीतरी मांडायला हवी. 1986-87 ला जॉर्डनची सरासरी 37.1, त्याची टीम शिकागो बुल्स 40 जिंकले 42 हरले, ऑफेन्स लीगमध्ये मधोमध कुठेतरी. 1990-91 ला त्याची सरासरी 31.5 वर आली, बाजूचे पिपेन आणि ग्रँट मोठे झाले होते, कोच फिल जॅक्सन आणि त्याचा सहायक टेक्स विंटर यांचा ट्रँगल ऑफेन्स (तिघांच्या त्रिकोणात बॉल फिरवायची पद्धत) बसला होता, बुल्सचा ऑफेन्स पहिला आणि पहिली रिंग. पुढच्या वर्षी परत पहिला. म्हणजे मास्तर सरांची विल्टची गोष्ट जॉर्डनच्या बाबतीतही थोडीफार तशीच आहे, फक्त जॉर्डनला एवढं कमी करावं लागलं नाही.

आणि आता सगळ्यात कामाचं. 1993 ला जॉर्डन बास्केटबॉल सोडून गेला आणि मग बेसबॉल खेळायला लागला. आदल्या वर्षी बुल्स 57 जिंकले होते, त्याच्याशिवाय 55. लोक आजही हे दाखवून म्हणतात बघा, जॉर्डन गेला आणि दोनच मॅचचा फरक. पण ऑफेन्स दुसऱ्या नंबरवरून थेट मधोमध घसरला. 100 पझेशनमागे साडेसहाहून जास्त पॉइंट गेले. डिफेन्स चांगला राहिला, जवळच्या बऱ्याच मॅच निघाल्या, म्हणून जिंकलेल्या मॅचच्या आकड्यात ते दिसलं नाही. जॉर्डन परत पूर्ण सीझन खेळला त्या 1995-96 ला ऑफेन्स परत पहिला, 72-10. जाताना आणि येताना दोन्ही वेळा फरक दिसतो. नॅश फिनिक्सला आला तेव्हाचा फरक दिसतो, डॅलसमधून गेला तेव्हाचा मात्र तेवढा स्पष्ट नाही, कारण दुसऱ्याच वर्षी डॅलस परत पहिली. माझ्यासाठी जॉर्डन इथेच पुढे जातो, आणि हे मी नॅशचा चाहता असून म्हणतोय.


डिचोलीकर_सेंटर

हे चांगलं सांगितलंत, 93-94 चं मला असं माहीत नव्हतं.

अजून एक टाकतो, तेही विचारात घ्या. 2023-24 ची बोस्टन, 100 पझेशनमागे 120 च्या वर, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा, लीगच्या सरासरीच्याही खूप वर. चॅम्पियनपण झाले. पण त्या वर्षीचा एमव्हीपी डेन्व्हरचा योकिच, फायनलचा एमव्हीपी जेलन ब्राऊन, आणि टीमचा पहिला स्टार टेटम, त्याला कोणी इतिहासातला सगळ्यात मोठा ऑफेन्सिव्ह प्लेयर म्हणत नाही. तिथे पाचही जण बाहेरून थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, मारायचे, सेंटरसुद्धा, त्यामुळे आत कोणी डिफेंडरच उरायचा नाही. पाच चांगल्यांचा आकडा एकाच्या नावावर कसा लावणार.

आणि उलट फिलाडेल्फियाचा आयव्हरसन. 2000-01 ला 31.1 पॉइंट, शंभरातले 42 शॉट पडायचे, टीमचा ऑफेन्स मधोमध. कागदावर बघून कोणी म्हणेल हा काय स्टार. पण त्या टीममध्ये त्याच्याशिवाय स्वतःचा शॉट तयार करणारा होता कोण? कोच लॅरी ब्राऊनने मुद्दाम सगळे डिफेन्सचे गडी घेतले होते, सेंटर मुटोम्बोसुद्धा सीझनच्या मध्यात आणला, आणि बास्केट आणायची जबाबदारी एकट्या सहा फुटी माणसावर. तसल्या टीमला मधोमध ठेवून फायनलपर्यंत नेणं आणि लेकर्ससारख्या टीमसमोर पहिल्याच मॅचला 48 मारून जिंकणं, हे पहिल्या नंबरच्या ऑफेन्सपेक्षा कमी कसं? ताईंचा 7 नंबर सेमीफायनलला जे करत होता तेच हे.


वाळपईचो_मास्तर

आयव्हरसनबद्दल माझं मत वेगळं आहे. ब्राऊनने तसली टीम बांधली कारण आयव्हरसनच्या बाजूला दुसरा बॉल हातात घेणारा टिकत नव्हता. तुम्ही म्हणता त्याच्याकडे कोणी नव्हतं, मी विचारतो का नव्हतं. नॅशच्या बाजूला कोणीही आला तरी त्याचे शॉट जास्त पडायला लागायचे, हे म्हापसेकरांनी डियॉचं उदाहरण दिलं तसं. दोन्ही मोठे, पण बुडणाऱ्याला तरंगत ठेवणं हे एक काम आणि चांगल्यांना अजून चांगलं करणं हे दुसरं, आणि दुसरं काम करणारी माणसं मी आयुष्यात फार कमी पाहिली. शाळेत चाळीस वर्षांच्या जवळपास पोरं खेळवली, पहिल्या प्रकारचे दरवर्षी एखादा यायचा. दुसऱ्या प्रकारचा तो बसमधला पोर, आणि अजून एक मुलगी. बस्स.


फोंडेकर_पॉइंटगार्ड

देव बरें करूं सगळ्यांना. तीन वेळा वाचलं.

म्हापसेकर, डॅलसचं ते मला अजिबात माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो वाचून वाईट वाटलं. नऊ वर्षांचा माझा जो आकडा होता त्यातली डॅलसची तीन वर्षं मी आता नॅशची एकट्याची म्हणून सांगणार नाही. फिनिक्सची सहा मात्र सांगणार, त्यातही 2005-06 सगळ्यात आधी. जॉर्डनचा ऑफेन्स मी नॅशच्या खाली ठेवला होता तेही मागे घेतो. दादाला फोन करून एवढं सांगितलं तर म्हणाला, बरं मग आता रसेलवर भांडू.

मास्तर सर, तुमच्या पोराचं वाचून मला झोप नाही लागली. आमच्या टीममध्येही एक तसा आहे. मीच त्याला मॅचला बॉल देत नाही कारण त्याचे पॉइंट होत नाहीत, पण तो आत असला की आमचा ऑफेन्स सुरळीत चालतो असं मला बरेच दिवस वाटतंय, फक्त कधी मोजलं नाही. तो स्क्रीन लावतो, म्हणजे माझ्या डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो, लावून झाल्यावर आत कट मारतो, त्याच्या मागे डिफेंडर जातो आणि मला रस्ता मोकळा होतो, ते सगळं माझ्या पॉइंटमध्ये जातं.

ताई, येत्या रविवारी आमची मॅच आहे, पाऊस नसला तर बाहेरच्या सिमेंटच्या कोर्टवर. मी धाकट्या भावाला वही आणि दोन पेन देऊन बसवणार. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. फ्री थ्रो चुकल्यावर आमच्याच टीमने रिबाउंड घेतला तर रेघ मारायची की नाही? आणि क्वार्टर संपताना अर्ध्या कोर्टावरून बॉल नुसता फेकतात ते पझेशन धरायचं का?


टेबलावरची

फ्री थ्रोचा रिबाउंड तुमचाच असेल तर रेघ नाही, पझेशन चालू. शेवटच्या सेकंदाला नुसता फेकलेला मी धरत नाही, पण धरायचा नाही असं ठरवलं तर दोन्ही टीमचा नाही धरायचा, सगळ्या क्वार्टरला तसंच.

भावाला सांग बॉलकडे बघत बसू नको, बदली खेळाडू आत जाताना कोण गेला आणि कोण आला ते आधी लिही, सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. माझा झालाय. आणि समोरच्यांचेही बदल लिहायला सांग, नाहीतर माझ्यासारखं एका रात्रीत मत ठरवून बसाल.

त्या स्क्रीनवाल्या मुलाचे निदान पाच-सहा मॅच मोज, एकावर थांबू नको. मोजून झाले की इथे टाक, मास्तर सरांना बघायला आवडेल.


वाळपईचो_मास्तर

जरूर टाका. आणि मोजायच्या आधी रविवारी त्याला दोन-चार वेळा बॉल देऊन बघा.